निरोपाचा शब्द

दिनांक ९ मार्च २०७१, सकाळचे साडेदहा. हिंदी महासागरातील मित्रसेनांच्या ताफ्यातले एक ग्रीक जहाज.

सुभेदार भैरू चौगुले कप्तान एलेनींसमोर हात जोडून उभे होते. शत्रूला न फुटणारी संदेशवाहिनी प्रत्येकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी त्याच्याच मातृभाषेत घालीत असे. काल माघारीच्या वेळी बेटावर पिछाडी सांभाळणाऱ्या भैरूंचा एकच शब्द तिने जहाजावर पोहोचवला, आणि त्या शब्दाखातर जहाज तोफांच्या माऱ्यात चाळीस मिनिटे थांबले.

"मॅडम, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण खरे सांगितल्यावाचून ते घेववत नाहीत. मी 'येतो' म्हणालो, तो शेवटचा निरोप होता. आम्ही मराठी माणसे मरायला निघालो तरी 'जातो' म्हणत नाही."

"अस्सं! तुम्ही निरोप घेत होतात, आणि मी वेडी वाट पाहत होते!" एलेनी हसल्या. "मग वाहिनी सदोष म्हणून कळवू? आजच बंद करतील."

भैरूंचा चेहरा उतरला. ज्या वाहिनीने जीव वाचवला, तिच्यावरच त्यांनी बालंट आणले होते.

एलेनींनी त्यांच्यापुढे कॉफी सरकवली आणि अहवालाची नोंद मोठ्याने वाचत लिहिली, "सुभेदार आले. भाषांतर अचूक होते."