राहिलेली रकात

कुवेतहून परतलेल्या इद्रीसने "माझा अल्लावर विश्वास राहिला नाही" असं सांगितलं तेव्हापासून अब्बा त्याच्याशी बोलेनासे झाले. पुढे वयाने त्यांची स्मृती विरत गेली, आणि तो रागही ते विसरून गेले. राजिवड्याच्या घरात नमाजला उभे राहिले की मध्येच थांबत आणि वाट चुकल्यासारखे इकडेतिकडे बघत. म्हणून इद्रीस त्यांच्या शेजारी उभा राहू लागला. तो वाकला की ते वाकत. त्याने कपाळ टेकलं की तेही टेकत, आणि नमाजेचं एक आवर्तन, एक रकात, पुरी होई. एकदा दुपार कलल्यावर असरच्या नमाजेत खिडकीतून खाडीचा वारा आला. सजद्यात कपाळ टेकलेल्या इद्रीसला आपलं डोकं कुणी ओंजळीत धरलंय असं वाटलं, आणि वर यावंसंच वाटेना. बऱ्याच वेळाने पाठीवर हात पडला. "ऊठ रे," अब्बा हळूच म्हणाले, "एक रकात ऱ्हायलीय." इद्रीस उठला. या वेळी तो स्वतःसाठी उभा राहिला.