डाव्या बाजूचा फुगा

स्पीकरच्या बॉक्सवरचं रेक्झिन एका दमात निघत नव्हतं. भामाबाई टोक धरून ओढायची, चिंधी हातात यायची अन् खालचं चिकटवायचं सोल्युशन लाकडालाच राहायचं. वाळून पिवळं, जुन्या गुळासारखं झालेलं. मग ती थिनरमध्ये बुडवलेलं फडकं त्यावर दाबून धरायची. जरा मऊ पडलं की खुरप्यानं खरवडायची. सकाळपासून हेच चाललं होतं. वासानं डोकं जड झालं होतं. उजव्या हाताची करंगळी आत वाकडी होती. लहानपणी रहाटाच्या दोरात सापडून मोडली, ती कधी सरळ झालीच नाही. खुरप्याच्या मुठीवर ती नीट बसत नव्हती. तिथं आता फोड आला होता.

एक बॉक्स उघडा होऊन भिंतीला टेकला होता. दुसरा पुढ्यात आडवा होता. आतले स्पीकर काढून तिनं घरात ठेवले होते. लोहा गावात सगळे यांना पंढरीचे बॉक्स म्हणायचे. जयंती असो की लग्न, तिचा नवरा पंढरी ते हातगाड्यावर घालून न्यायचा. पंढरी गेला, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून भामाबाईच ते कार्यक्रमांना द्यायची, वायरीही जोडायची. त्यावर तिचं भागत होतं.

आज तिचा दीर आनंदराज नांदेडहून टेम्पो घेऊन येणार होता. फोनवर त्यानं सांगून टाकलं होतं, "वैनी, बॉक्स दादानं अन् मी बनवले. तुमाला त्यातलं काय कळतंय? तुमी लुंबिनीकडं मुखेडला जाऊन आराम करा. तेवढं जुनं कापड अन् सोल्युशन खरडून ठिवा. त्याच्यावर नवं धरत न्हाई."

ती "हाव" म्हणाली होती. भांडायला अंगात जोर लागतो. तो उरला नव्हता. बॉक्स गेले की घराला कुलूप लावायचं अन् लेकीच्या दारात जाऊन बसायचं.

शेजारच्या विशाखानं कुडावरून डोकावून पाहिलं. "लई घासून राहिल्या, भामाबाई! नवरीगत. सासरी धाडायचं का काय बॉक्सला?"

"धाडायचंच हाय. टेम्पो येऊन राहिला."

विशाखाचं हसू विरलं. ती आत गेली.

आता डावी बाजू तेवढी राहिली होती. त्या बाजूला मधोमध एक फुगा होता. तेवढ्या जागी रेक्झिन लाकडाला कधी चिकटलंच नव्हतं. ब्लेड मारून हवा काढ, साफ बसेल, असं लोक पंढरीला सांगायचे. तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. "राहू द्या, त्यात माणूस हाय," म्हणायचा अन् हसायचा. तो थट्टेखोरच होता. भामाबाईनं ती त्याची एक थट्टा धरली होती.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. आनंदराज आत आला. बगलेत नव्या कापडाची गुंडाळी, हातात सोल्युशनचा डबा.

"झालं का, वैनी? बगा, कापड कसं भारी आणलंय."

"एवढी बाजू राहिली, भावजी."

"आणा, मी ओढतो." त्यानं वाकून फुग्यापाशी रेक्झिन धरलं अन् हिसका दिला. इथं ते सहज निघालं. खाली वाळल्या सोल्युशनमध्ये एक पंजा उमटलेला होता. पाची बोटं. तळव्यावरच्या रेषासुद्धा.

आनंदराज खालीच बसला. "दादाचा हात," तो म्हणाला. "वैनी, दादाचा हात हाय हो ह्यो! आता तर ह्ये बॉक्स मी घरातच ठिवतो. कुणाला शिवू द्यायचा न्हाई." त्यानं बाहेर हाक मारली, "ये रे आत! हळू उचलायचं बरं का."

भामाबाईलाही तसंच वाटलं. बॉक्सबरोबर पंढरीच घरातून निघाला होता. तिनं थिनरचा हात पदराला पुसला. जाणाऱ्याला शेवटचं शिवावं म्हणून तळवा त्या ठशावर ठेवला.

बोटात बोट बसलं. करंगळीपाशी ठसा आत वळला होता. तिची करंगळीही तिथंच वळली.

ती हलली नाही. तिला बॉक्स बनवतानाचं अंगण आठवलं. लुंबिनी पोटात होती. आनंदराज तेव्हा किनवटच्या वसतिगृहात होता. अंगणात दोघंच होती. पंढरी फळ्या ठोकायचा, ती सोल्युशन पसरायची. उठताना तिचा तोल गेला अन् हात ओल्या सोल्युशनवर टेकला. ती घाबरून फडकं शोधायला लागली. तेवढ्यात पंढरीनं हसत वरून कापड ओढून घेतलं होतं.

आनंदराज तिच्या हाताकडं बघत होता. त्या करंगळीकडं. त्याच्या बगलेतली गुंडाळी खाली घसरली.

ड्रायव्हर आत आला. "उचलू का?"



"टेम्पो रिकामा धाडा, भावजी," भामाबाई म्हणाली. तिनं हात काढला नव्हता. "अन् कापड आणलंच हाय तर तिकडून जरा ताणून धरा. सोल्युशन मी लावते. एवढ्या जागी न्हाई लावायचं. इथं फुगा येऊ द्या."