सुभानाचं नाव

सुभाना लढाईहून जिवंत परतला, तेव्हा त्याची बायको ठकूबाई अंगणात एका लहान पोराला अंघोळ घालत होती. सुभाना ब्रह्मदेशात मेल्याची तार आली होती. वर्ष सरल्यावर घरच्यांनी त्याच्या धाकट्या भावाशी, येसूशी, तिचा पाट लावला होता. हा येसू म्हणजे माझे पणजोबा.

सुभानाने पाठीवरची वळकटी उतरवली आणि ओल्या पोराला उचलून घेतलं.

"नाव काय ठेवलंय?"

ठकूबाईने मान खाली घातली. येसूच पुढे आला. "तुझंच ठेवलंय, दादा. पण ही त्याला नावानं हाक मारत नाही. नवऱ्याचं नाव कसं घेऊ, म्हणती."

सुभाना बराच वेळ पोराच्या केसांतलं पाणी निपटत राहिला. मग म्हणाला, "ठकू, आजपासनं तू माझी बहीण. भावाचं नाव घ्यायला कसली आडकाठी? बोलव पोराला."

पुढे जन्मभर थोरला सुभाना आमच्याच घरी राहिला. ठकूबाई त्या पोराला, म्हणजे माझ्या आजोबांना, दिवसातून कितीदा तरी "सुभाना" अशी हाक मारायची. थोरल्याने एकदाही ओ दिली नाही.