हॉलमधली टाकी

"आधी खडक, मग प्रवाळ, मासे सगळ्यात शेवटी," हॉलच्या भिंतीवर खडूने नव्या टाकीची जागा आखत दिगंबर बायकोला शिकवत होता. "आणि नवा मासा थेट सोडायचा नाही. टाकीतलं पाणी पिशवीत थेंबथेंब घालून त्याला सवय करायची. घाई केली तर बिचारा कोपरा धरतो, खाणं सोडतो."

"हळू बोल, आई ऐकतायत," बायको म्हणाली.

वेंगुर्ल्याचं घर विकून दिगंबरने आईला गेल्या रविवारी एका दिवसात ठाण्याला आणलं होतं. ती खिडकीच्या कोपऱ्यात बसली होती. पुढ्यातली पेज सकाळपासून तशीच होती.

दिगंबरने आखलेली रेघ उगाचच पुसली. "आई, चार दिवस वेंगुर्ल्याला जाऊन येऊया?"

"घर तर इकलंस मां," आई शांतपणे म्हणाली. "मगे उतरूचा खंय, दर्यात?"