डावी बाजू वर

नोरिएने नटीच्या अंगावरच्या पांढऱ्या किमोनोची डावी बाजू उजवीवर आणली, कमरेचा पट्टा आवळला आणि मागे सरून पाहिलं. किमोनो नेसवण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या मात्सुए शहरात कुणी नव्हतं.

"मावशी, पुन्हा तेच!" कॅमेऱ्यामागून तिचा भाचा जुन्पेई म्हणाला. "अगं, भूत आहे ती. उजवी बाजू वर हवी."

"हाताची सवय रे," म्हणत नोरिएने पट्टा सोडला.

सवय कसली! जिवंत माणसाची डावी बाजू वर, मेलेल्याची उजवी, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मार्चमध्ये चिहारुला, आपल्या एकुलत्या एका लेकीला, तिनेच शेवटचं नेसवलं होतं. तेव्हा उजवी बाजू वर घेणारे हात आता मुळीच ऐकत नव्हते.

जुन्पेईचा सिनेमा जेमतेम पाच-सात मिनिटांचा. संवाद नाहीत, गोष्ट नाही. एक बाई रिकाम्या खोलीत एकटक बघत बसते आणि हळूहळू पडदाभर होत जाते. यालाच तो भयपट म्हणत होता. आवाज नको म्हणून त्यानं हीटरसुद्धा बंद करायला लावला होता.

"मला लवकर मारा हो एकदाचं, गारठले मी," भूत झालेली इत्सुकी म्हणाली. ती क्योतोहून कालच आली होती, तिला बिचारीला काय ठाऊक! नोरिए हसली. पुन्हा नेसवायला लागली. पुन्हा डावीच बाजू वर आली.

आता कुठे जुन्पेईच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"राहू दे मावशी," तो हळूच म्हणाला. "असंच घेतो. मागाहून चित्र उलटवीन, आरशात दिसतं तसं. पडद्यावर उजवी बाजू वर दिसेल."

"असं करता येतं?"

"एका बटणाचं काम."

शॉट झाला. इत्सुकी चहाकडे पळाली. जुन्पेई दिवे आवरत होता, तेवढ्यात नोरिए जवळ आली. तिने फोन पुढे केला. शवपेटीतली चिहारु. भोवती फुलं, उजवी बाजू वर. असे फोटो कुणी काढत नाही. तिने सगळ्यांची नजर चुकवून काढला होता.

"हा उलटव."

जुन्पेईने बटण दाबलं. डावी बाजू वर आली. चिहारु दुपारची आडवी झाल्यासारखी दिसू लागली.

नोरिएच्या डोळ्यांना धार लागली. मग ती एकदम थबकली. लेकीच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला होता.

"पहिल्यासारखा करू का, मावशी?"

"नको," नोरिए म्हणाली. तिने तिळावर अंगठा ठेवला आणि फोटो बघत राहिली.