रांगेतली पहिली बाई

रांग तसूभरही पुढे सरकली नव्हती, आणि मिसेस विनिफ्रेड ॲक्रॉइड यांच्या सहनशक्तीचा अंत जवळ आला होता.

ब्रॅडफर्डच्या कलादालनाच्या पायऱ्यांवर त्या सकाळपासून उभ्या होत्या. चौकातले दगडी कारंजे त्यांच्या वडिलांनी घडवले होते. ते उखडून तिथे गिरणीकामगार बाईचा पुतळा बसवण्याचे नगरपालिकेच्या समितीने योजले होते. ज्याला हरकत असेल त्याने दुपारी बारापूर्वी दालनात बसलेल्या समितीपुढे जाऊन ती बोलून दाखवायची. कुणीच आले नाही, तर कारंजे उद्या जाणार होते.

त्यांच्या पुढे एकच बाई होती. तपकिरी रेनकोट, डोक्याला रुमाल, हातात बाजाराची पिशवी. आल्याआल्या विनिफ्रेडबाईंनी तिला म्हटले होते, “आज हवा काही खरी नाही.” बाईने मान वळवली नव्हती. अनोळखी माणसाशी सलगी न करण्याची ही रीत विनिफ्रेडबाईंना पसंत पडली होती.

मागची मंडळी मात्र बेशिस्त निघाली. त्यांच्या पाठोपाठ उभे असलेले क्लिफर्ड सग्डेन, बसचालक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, एकसारखे पाय बदलत होते.

“मी काय म्हणतो, विनिफ्रेडबाई, जरा दार ढकलून बघू का?”

“काही नको! पुढे बाई उभी आहे, दिसत नाही? आधी ती जाईल, मग मी, मग तुम्ही.”

“तोवर कारंजं गेलेलं असेल. आणि बहुतेक मीसुद्धा.”

“मग रांगेतूनच जा.”

मागे कुणीतरी खुसखुसले. विनिफ्रेडबाईंनी वळून पाहिले. खुसखुस थांबली.

“निदान त्यांना विचारा तरी,” क्लिफर्ड म्हणाले, “आत कधी बोलावणार म्हणून.”

“विचारायचं काय त्यात? आपल्याला जेवढं ठाऊक, तेवढंच तिला.”

“बरं बाई. त्या नव्या पुतळ्याचा नमुना बघितलात का? आज लोकांना दाखवणार होते म्हणे.”

“मला बघायची गरज नाही. आजकालच्या कलाकारांना माणूस घडवता येतो का? नाक कुठे, डोळे कुठे! माझ्या वडिलांनी कारंज्याच्या काठावर एक चिमणी कोरली, तिला लोक अजून पावाचे तुकडे टाकतात. असा हात आहे का आज कुणाचा?”

“मी पण टाकलेत,” क्लिफर्ड खजील होऊन म्हणाले.

पावसाची भुरभुर सुरू झाली. छत्र्या उघडल्या, कुरकुर वाढली. पुढच्या बाईने साधी कॉलरही वर केली नाही.

“बघा! शिका जरा तिच्याकडून,” विनिफ्रेडबाईंनी साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सुनावले. “ना कुरकुर, ना चुळबुळ. अशी माणसं होती म्हणून हे शहर उभं राहिलं.”

क्लिफर्ड यांनी सुस्कारा सोडला. “पुरे झालं. मी जातोच दारापाशी.” त्यांनी रांगेबाहेर पाऊल टाकले, तोच विनिफ्रेडबाईंच्या छत्रीचा दांडा त्यांच्या छातीशी आडवा आला.

“मी इथे उभी असताना रांग मोडणार नाही, क्लिफर्ड.”

ते निमूटपणे जागेवर परतले.

नगरभवनाच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. त्याबरोबर दालनाचे दार उघडून कोट चढवलेला शिपाई बाहेर आला आणि ती लांबलचक रांग पाहून थबकला.

“झालं की सगळं! हरकत घ्यायला कुणीच फिरकलं नाही. समिती सकाळपासून आत माशा मारत बसली होती. शेवटी दिली मंजुरी.”

“कुणीच नाही?” विनिफ्रेडबाई कडाडल्या. “आम्ही काय झोपा काढत होतो इथे? दार बंद ठेवलंत, आणि ही बाई तर माझ्याही आधीपासून उभी आहे!”

“दार नुसतं लोटलेलं होतं हो,” शिपाई म्हणाला. “जरा सरकता का? नमुना भिजतोय.”

आणि त्याने पुढच्या बाईला पिशवीसकट काखोटीला मारले आणि आत नेले.