शंभरने घेतलेला तुकडा

पूनमने स्क्रीनवर तळहात ठेवला. बांगड्या काचेवर वाजल्या. इंद्रभानने तिच्या लग्नाची फिल्म थांबवली.

"नाही म्हणते," तिचा भाऊ हर्षल म्हणाला.

"काऊन? सगळ्यात भारी तुकडा हाय तो."

भारी तर होताच. मंडपात नवरा-नवरी खुर्च्यांवर बसून हातांनी बोलत होती. पूनमला आणि तिच्या नवऱ्याला, राजकुमारला, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. इंद्रभानने ते हात चौपट संथ केले होते आणि मागे बासरी लावली होती. मेंदी, बोटं, बोटांमधून झिरपणारा उजेड. आपल्यासारखं लग्न अख्ख्या मेहकरात कुणी टिपत नाही, असं इंद्रभानचं मत होतं आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते ऐकावंच लागे.

त्यामागे हिशेब होता. सेकंदाला किती चित्रं घ्यायची हे तो माणसं पाहून ठरवी. भाषणाला पंचवीस, तिथे हलतो तो फक्त माइक. वरातीतल्या नाचाला पन्नास, नाहीतर हातापायांचा चिखल होतो. नवरीचं येणं, अक्षता, डोळ्यांतलं पाणी यांना शंभर. शंभरने घेतलेलं पंचवीसने दाखवलं की सगळं तरंगतं आणि बायका रडतात. आहेर देणाऱ्यांवर मात्र त्याने कधी शंभर खर्चले नाहीत. पाकीट देऊन पंगतीकडे निघालेला माणूस कितीही संथ केला तरी घाईतच दिसतो.

पूनमचे हात भरभर चालले. हर्षल सांगत गेला.

"ती म्हणते, महादेवरावांचं भाषण असं संथ केलं काय तुमी?"

महादेवराव म्हणजे नवरदेवाचे थोरले काका.

"ते तसेच संथ बोलतात," इंद्रभान म्हणाला.

हर्षलने तेही हातांनी बहिणीला सांगितलं. ती हसली, पण मागे हटली नाही.

"म्हणते, हे आमचं बोलणं हाय, नाच नाही. असं ताणलं की जड जिभेच्या माणसासारखं दिसते. तुमचं बोलणं कोणी असं ताणून लावलं तं?"

इंद्रभानने मनातल्या मनात स्वतःचा आवाज चौपट ताणून पाहिला. गोठ्यात काहीतरी हंबरल्यासारखं वाटलं. त्याने बासरी काढली. शंभरने घेतलेलं मूळ वेगानेही दाखवता येतं, आणि बोटं कुठे पुसट होत नाहीत. हात आता खरोखरीच्या घाईने धावू लागले. पूनमने आपलंच बोलणं वाचलं आणि ती लाजली. म्हणजे आता जमलं होतं.

जाताना हर्षलने तिची एक अट सांगितली. संथ तुकडा कोणालाच द्यायचा नाही. नातेवाईक तो मोबाइलवर फिरवतील, 'किती गोड' म्हणतील, आणि दोघं काय बोलत होती हे एकजण विचारणार नाही. इंद्रभानने शब्द दिला.

आठवड्याने शालूबाई आल्या. राजकुमारची आई. बाजाराची पिशवी पायाशी ठेवून त्या स्टुलावर टेकल्या. पसंतीसाठी घरी मोबाइलवर पाठवलेली पहिली फिल्म पूनमने पुसून टाकण्याआधी त्यांनी एकदा पाहिली होती.

"ते हळूहळूवालं पाह्यजे मले. हाताचं."

फिल्मसाठी येणाऱ्या सासवा दोन प्रकारच्या, असा इंद्रभानचा अनुभव. आपण किती वेळा दिसलो ते मोजणाऱ्या आणि व्याही किती वेळा दिसले ते मोजणाऱ्या. ही कोणती, ते त्याला कळेना.

"सून नाही म्हणते काकू. शब्द देल्ला म्या तिले."

"मंग तिले काढून टाक त्याच्यातून."

इंद्रभान बघतच राहिला. नवरीला वगळून लग्नाची फिल्म मागणारी सासू त्याला नवीन होती. महिनाही झाला नाही आणि सुनेचं एवढं वावडं. त्याला पूनमची कीव आली. पण सांगायचं कुणाला, आणि आपण कोण? पूनम त्यात नसली आणि तुकडा दुकानातच राहिला, तर शब्द मोडत नव्हता. त्याने चौकट आवळली. पूनम कडेने बाहेर गेली. उरला एकटा राजकुमार, कोणाशी तरी हातांनी बोलणारा.

शालूबाईंनी स्टूल पुढे ओढलं. चष्मा नीट बसवला. राजकुमारचा उजवा हात तरंगत वर आला, उघडला, छातीशी गेला. दोन बोटं वळली.

शालूबाईंच्या मांडीवर पदराखाली दोन बोटं वळली.

"मांगं घे."

त्याने मागे घेतलं. हात पुन्हा वर आला.

"अजून हळू होते काय?"

"याच्याहून हळू केलं तं अडखळते काकू. चित्रं पुरत नाहीत."

"अडखळू दे."

अडखळणारा तुकडा इंद्रभानने आजवर कोणाला दाखवला नव्हता. आज दाखवला. हात थांबत, झटके खात वर चढला. शालूबाईंचे ओठ हलत होते. पदराखालची बोटं चुकत होती, पुन्हा वळत होती.

"काय पाहून राह्यल्या एवढं?" त्याने विचारलं.

शालूबाईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"बायकोशी किती बोलते पाह्य ना हा," त्या म्हणाल्या. "घरी आमचे चार इशारे. जेव, पाणी आण, वावरात चाल, झोप. आमाले वाटे, पोरगं शांत हाय."